शून्य पॉइंट तीन

एक्स्पोर्टच्या पेटीत न बसलेले मणी,
नव्वद किलो, व्यापाऱ्यानं बांधावरच सोडलेले.
चुरडले, गाळले, पिंपात भरले.
मेव्हण्याच्या जुन्या फ्रीजचे कप्पे उपसून
पिंप आत बसवलं. दार लागेना,
तर दाराचीच आतली पट्टी करवतीनं कापली.
शैलजा म्हणाली, आता यात दूध कुठं ठेवू?

कंट्रोलर कुरियरनं कवलापूरला आला,
साबणाच्या वडीएवढा,
सोबत एक कागद : 'कृपया थंड व्हा जेव्हा गरम आहे.'
एक-दोनला मेन. तीन-चारला सेन्सरची काळी शेपटी.
पाच-सहाला बल्ब, पहाटेच्या गारठ्यासाठी.
सात-आठला फ्रीज.
चष्मा कपाळावर, टेस्टर दातात,
आणि लाल आकडे उजळले : २९.४
मी पाहिजे ते सांगितलं : १८.

बल्ब पेटला.
फ्रीज मुका.
जितका रस तापेल तितका बल्ब खूश.
पाच-सहाचं सात-आठला केलं. अर्धा दिवस गेला
एवढं कळायला की मी गरमाला थंड म्हणालो होतो.

मग टक्.
मग टक्.
छत्तीस वर्षं सोसायटीच्या बँकेत कॅशियर,
सुट्ट्या पैशापर्यंत रोजमेळ जुळवून घरी येणारा मी,
फरक ठेवला होता शून्य पॉइंट तीन.
दार उघडून वास घ्यावा, टक्.
माशी बसावी सेन्सरवर, टक्.
रात्री बाराला मळ्यांना थ्री-फेज आली,
शंभर पंप एकदम जागे झाले,
व्होल्टेज एकशे सत्तर,
आणि कॉम्प्रेसर नुसता कण्हत राहिला,
उठता येईना, निजताही येईना.

भूपाल चौगुलेला बोलावलं. बुधगावचा, मोटारी भरतो.
जैन माणूस, थेंबाला शिवत नाही,
बटाटासुद्धा खात नाही.
पिंपाकडं बघून म्हणाला, हे काय हाय ते मला सांगू नका,
मला फक्त वायरी दाखवा.

आधी बर्फ मागितला. ग्लासात बर्फाचं पाणी,
त्यात सेन्सर बुडवून बसला, जप करावा तसा.
शून्य यायला हवं होतं, आलं १.४.
'हे पहिल्यापास्नं खोटं बोलतंय,' म्हणाला,
आणि तेवढं वजा केलं.
मग फरक एक अंश. मग थांबा सात मिनिटं.
'कॅशियर साहेब, एकदा बंद पडला की
दम खाऊ दे की त्याला. लगेच काय हिशेब मागताय?'
स्टॅबिलायझर त्याच्याच दुकानातला, उधार.

सेन्सर परत लावताना थांबला.
माझा सेन्सर फ्रीजच्या जाळीला लोंबत होता.
त्यानं तो पिंपाच्या पोटाशी धरला,
वर थर्मोकोलचा तुकडा, वर चिकटपट्टी गच्च.
आम्ही दोघं बघत राहिलो.
अठरा. एकोणीस. बावीस. पंचवीस.
सव्वीस पॉइंट एकवर थांबलं.
'आत तापलंय,' भूपाल म्हणाला,
'आन् तुम्ही हवेला विचारत बसलाय.'

दारात शैलजा उभी.
तीन दिवस सांगत होती, पिंपाला हात लावून बघा,
तापल्या पोरासारखं लागतंय.
मी म्हणायचो, आकडा अठराच आहे.
आता ती काहीच बोलली नाही.
चहाचं विचारायला आली होती, पण उन्हं कलली होती,
आणि भूपालला दिवस मावळायच्या आत
घरी ताटावर बसायचं होतं.

आज अकरावा दिवस. बुडबुडे सावकाश, मिनिटाला चार.
रात्री टक् होतं, मग बराच वेळ काही नाही.
त्या सात मिनिटांत मला झोप लागते.

रोज संध्याकाळी, ऊन असतानाच, फोन येतो :
किती दाखवतंय?
अठरा पॉइंट सहा, मी सांगतो.
पिंपाला हात लावला का?
लावला. शैलजानं पण लावला.
ठीक हाय, म्हणतो, जेवायला बसतो.